एली कल्बर्टसन : भिडूच्या बोलीला अर्थ देणारा खेळाडू

समोर बसलेल्या भिडूच्या मनात नेमके काय आहे, हे ओळखण्याच्या कलेला एली कल्बर्टसन यांनी नियमांची चौकट दिली. त्या बळावर विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते जगातील सर्वांत प्रसिद्ध ब्रिजपटू ठरले.

बीड जिल्ह्यात सुटीच्या दुपारी मेंढीकोटाचा डाव रंगतो, तेव्हाही भिडू असेच समोरासमोर बसतात. मात्र हातातली पाने भिडूला कळवण्याची सोय तेथे नसते. कोणी भुवई उडवली वा उगाच खाकरले, तर ती लबाडी समजली जाते. ब्रिजमध्ये पहिले पान टाकण्यापूर्वी उघड बोली लावली जाते आणि आपल्या हाताची कल्पना भिडूला देण्याचा तोच मान्य मार्ग असतो. ही भाषा फारच तोकडी आहे. ३५ बोली आणि पास, डबल व रीडबल मिळून तिच्यात अवघे ३८ शब्द; उलट १३ पानांचे संभाव्य हात ६३,५०१ कोटींहून अधिक! साहजिकच एकाच शब्दाचे अनेक अर्थ निघतात. प्रतिस्पर्ध्याने 'एक इस्पिक' म्हटल्यावर भिडू 'डबल' म्हणाला, तर त्याला प्रतिस्पर्ध्याला दंड करायचा आहे की आपल्याकडून चांगला रंग ऐकायचा आहे? अर्थ चुकला की डाव गेलाच.

कल्बर्टसन यांचा जन्म २२ जुलै १८९१ रोजी रुमानियात झाला. वडील अमेरिकन खाण अभियंता, तर आई रशियन. १९१७च्या रशियन क्रांतीत घराण्याची संपत्ती बुडाली आणि सुखवस्तू घरातल्या या तरुणाला पत्त्यांवर पोट भरावे लागले. १९२१ मध्ये ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्कमध्ये ब्रिज शिकवणाऱ्या जोसेफिन डिलन यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १९२३ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. एली धाडसी व नाटकी, तर जोसेफिन शांत व अचूक. टेबलावर ही जोडी चांगलीच जमली.

१९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती आखली. जेवढ्या हातांची बोली लावली असेल, तेवढेच आता 'गेम'साठी धरले जाऊ लागले. त्यामुळे बोलीतला गैरसमज महागात पडू लागला. कल्बर्टसन यांनी ही गरज अचूक हेरली. १९२९ मध्ये त्यांनी 'द ब्रिज वर्ल्ड' हे मासिक सुरू केले आणि १९३० मध्ये 'ब्लू बुक' प्रसिद्ध केले. काही बोली ऐकल्यावर भिडूने पास म्हणायचेच नाही, हा 'फोर्सिंग' बोलीचा नियम त्यांच्या पद्धतीचा कणा होता. अशी बोली लावणाऱ्याला आपल्याला पुन्हा बोलण्याची संधी मिळणार याची खात्री असे. त्यामुळे हाताचे वर्णन एका दमात न करता टप्प्याटप्प्याने करता येऊ लागले.

या पद्धतीची कसोटी डिसेंबर १९३१ मध्ये लागली. सिडनी लेन्झ या ज्येष्ठ खेळाडूविरुद्ध १५० रबरांचा सामना न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. 'शतकातील लढाई' म्हणून वृत्तपत्रांनी तो गाजवला. लेन्झ ५८ वर्षांचे, तर त्यांचे भिडू ऑस्वाल्ड जेकोबी अजून तिशीच्या आतले. प्रतिस्पर्ध्यांना चकवण्यासाठी हातात नसलेल्या ताकदीची बोली लावणे जेकोबींना आवडे. अडचण एवढीच, की अशा बोलीने समोरचा भिडूही चकतो. लेन्झ यांना हे रुचेना. खटके वाढत गेले आणि १०३ रबरांनंतर जेकोबी सामन्यातून बाहेर पडले. उरलेला सामना लेन्झ दुसऱ्या भिडूबरोबर खेळले. जानेवारी १९३२ मध्ये कल्बर्टसन ८,९८० गुणांनी विजयी झाले. दोन निष्णात खेळाडू एकत्र बसले म्हणजे जोडी होत नाही, हे या सामन्याने दाखवून दिले.

यशाचा हा काळ फार टिकला नाही. १९३७ मध्ये बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांचा संघ ऑस्ट्रियाकडून पराभूत झाला. पुढच्याच वर्षी एली आणि जोसेफिन यांचा घटस्फोट झाला. टेबलावर एकमेकांची बोली अचूक ओळखणाऱ्या या जोडीला संसारात ती साधली नाही. त्यानंतर एली यांनी जागतिक शांततेच्या योजनांना वाहून घेतले. पुढे चार्ल्स गोरेन यांच्या गुणमोजणीने त्यांची पद्धत मागे पडली. २७ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील ब्रॅटलबरो येथे एली यांचे निधन झाले. काही महिन्यांतच, १९५६ मध्ये, जोसेफिनही गेल्या.

कल्बर्टसन यांचे ठोकताळे आज फारसे कोणी वापरत नाही. पण स्पर्धेला बसण्यापूर्वी भिडूशी प्रत्येक बोलीचा अर्थ ठरवून घेण्याची शिस्त ब्रिजमध्ये रुजली आहे. तो अर्थ प्रतिस्पर्ध्यांपासून लपवता येत नाही. त्यांनी विचारले, तर तो सांगावाच लागतो. भुवई उडवण्याची गरज मग उरत नाही.