घोड्याची भाषा जाणणारे विष्णुपंत छत्रे

भारतीय सर्कशीचे जनक म्हणून विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचे नाव घेतले जाते. सांगलीजवळच्या अंकलखोप गावचा हा तरुण गाणे आणि घोडा या दोन वेडांपायी ग्वाल्हेरला पोहोचला. तिथे त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या आणि हद्दू खाँ यांच्याकडे ख्याल गायकी शिकली. पुढे पोटासाठी मात्र घोडाच उपयोगी पडला. विष्णुपंत निष्णात चाबूकस्वार झाले आणि कुरुंदवाड संस्थानाच्या पागेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

चाबूकस्वार या शब्दात चाबूक असला, तरी घोडा निव्वळ चाबकाने शिकत नाही. निसर्गात तो इतरांची शिकार होणारा प्राणी. त्यामुळे धोका आधी ओळखण्यासाठीच त्याचे शरीर घडले आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सुमारे ३५० अंशांतले दिसते. दोन्ही कान तो वेगवेगळ्या दिशांना वळवू शकतो. अंगावर बसलेली माशीही त्याच्या कातडीला जाणवते. मग पाठीवरच्या स्वाराची मांडी आखडली, लगाम धरलेला हात थरथरला, तर ते कसे लपेल? स्वार घाबरला की घोडा बिथरतो. म्हणून चाबूकस्वाराला घोड्याच्या आधी स्वतःचे शरीर काबूत ठेवावे लागते. खोगिराशिवाय, लगामाशिवाय घोडा रिंगणात फिरवणे ही जादू नसते. तो दोन शरीरांमधला, महिनोन्महिने घोटलेला संवाद असतो.

१८८० च्या सुमारास चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली. असे खेळ भारतीयांना जमायला अजून बराच काळ लागेल, असे तो म्हणाल्याची आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारल्याची कथा सांगतात. कथा कशीही असो, थोड्याच काळात ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली आणि तिचा मालक स्वतः घोड्यांची कामे करू लागला. सर्कस फिरत फिरत केरळात तलशेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हिकन्नन या व्यायामशिक्षकाची विष्णुपंतांशी गाठ पडली. त्यातून केरळात कसरतपटू तयार करण्याची परंपरा सुरू झाली.

विष्णुपंतांच्या पश्चात जनावरांच्या या भाषेचा विज्ञानानेही शोध घेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवत असे. १९०७ मध्ये ओस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले आणि तेवढ्यावर घोडा थांबे. लोकांना ही फसवणूक वाटली. खरे तर माणसाच्या शरीराचे त्याने केलेले वाचन गणिताहून कमी अवघड नव्हते. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी घोड्यांना माणसांची छायाचित्रे दाखवली. रागीट चेहरा पाहताना त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक झपाट्याने वाढले. आपला राग जनावराच्या काळजापर्यंत पोहोचतो, तो असा.

विष्णुपंतांच्या आयुष्यातला एक भाग मात्र डॉक्टरी दृष्टीने अधिक मोलाचा आहे. गुरू हद्दू खाँ यांचा मुलगा रहिमत खाँ अलौकिक गळ्याचा होता. वडील आणि भाऊ गेल्यावर त्यांचे मानसिक संतुलन ढळले, अफूने ग्रासले आणि ते काशीत निराधार होऊन भटकू लागले. विष्णुपंतांनी त्यांना शोधून सर्कशीबरोबर ठेवले, सांभाळले आणि पुन्हा गाते केले. ज्यांना वेडा म्हणून रस्त्यावर सोडले होते, ते रहिमत खाँ पुढे भूगंधर्व म्हणून ओळखले गेले. नेपाळच्या दरबारातही ते गायले. विष्णुपंतांनंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांचा सांभाळ केला. १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच खाँसाहेबांचे निधन झाले. आज अशा रुग्णाला औषधे आहेत, समुपदेशन आहे. तरीही घरात त्याच्यासाठी कोणी खपणारे नसेल, तर उपचार अर्धवट सुटतात, हे मनोरुग्ण विभागात रोज दिसते.

एक मर्यादाही सांगायला हवी. सर्कशीत घोड्यांबरोबर वाघ-सिंहही आले. घोडा चार हजारांहून अधिक वर्षे माणसाजवळ राहून घडलेला प्राणी आहे. वाघ तसा नाही. पिंजऱ्यातला वाघ शिकला, तरी तो माणसाळत नाही. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

घरच्या जनावरांशी मात्र आपला संवाद रोजचाच आहे. रत्नागिरीच्या कुठल्याही वाडीत गोठा सांभाळणारी आजी गाईचे पडलेले कान आणि रवंथ थांबलेले तोंड पाहून तिचे दुखणे ओळखते. मुलांनाही हे वाचन शिकवायला हवे. कुत्र्याने अंग ताठ केले, नजर रोखली, ओठ वर ओढला, की तो दूर राहायला सांगत असतो. तो जेवत असताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावू नये. एवढे करूनही चावा बसलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून रेबीजची लस सुरू करावी.