प्लेगचे नाव घेणारा डॉक्टर



घरात उंदीर मरून पडला की सारा गाव रानात झोपड्या घालून राहायला जाई, असे आपल्या वाईकडची जुनी माणसे सांगत. तो प्लेगचा काळ. ही साथ १८९६ साली मुंबईत सुरू झाली आणि तिला प्रथम ओळखले ते एका गोवेकर कॅथॉलिक डॉक्टरांनी. त्यांचे नाव डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

त्यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. मांडवी भागात ते रोगी पाहत असत. १८८८ साली ते मुंबई म्युनिसिपालिटीवर निवडून आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत त्यांना एका रोग्याकडे बोलावणे आले. अंगात भडकलेला ताप आणि जांघेत गाठ. आसपासच्या घरांतही त्यांना तशीच लक्षणे आढळली. हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखले आणि २३ सप्टेंबरला म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीत ते उघडपणे सांगितले. ही गोष्ट सोपी नव्हती. प्लेगचे नाव निघाले की बंदराचा व्यापार बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. अनेकांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. पुढे इतर तज्ज्ञांनी तपासणी केली आणि त्यांचे निदान खरे ठरले.

उंदरांच्या पिसवांमुळे हा रोग माणसाला होतो, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. त्यामुळे सरकारचा सारा भर रोग्याला घरातून उचलून नेण्यावर होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. घरे झडतीला उघडी पडली. बायामाणसांची परकी माणसे तपासणी करू लागली. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली. मग लोक रोगी लपवू लागले, मृत्यूही लपवू लागले. लाखो लोक मुंबई सोडून पळाले आणि त्यांच्याबरोबर साथ पुण्या-साताऱ्यापर्यंत आली. पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांचा खून झाला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर मात्र सरकारला सक्ती सैल करावी लागली. रोग्यांनी दार बंद केले, म्हणून सरकारला आपले धोरण बदलावे लागले.

डॉ. व्हिएगस यांची रीत वेगळी होती. ते वस्त्यांमध्ये स्वतः जात. घाण काढणे आणि उंदीर मारणे यांवर त्यांनी जोर दिला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार लोकांना आपल्या हाताने ही लस टोचली, असे सांगितले जाते. ओळखीच्या डॉक्टरपुढे माणूस हात पुढे करतो. शिपायापुढे करत नाही.

आपल्या शेजारच्या नायगावच्या लेकीचेही इथे स्मरण करू या. सावित्रीबाई फुले यांनी याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांना मरण आले.

१९०६ साली डॉ. व्हिएगस म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे.

१८९७ चा तोच कायदा २०२० साली कोरोनाच्या वेळी पुन्हा लागू झाला. घराला सील लागेल, शेजारी तोंड फिरवतील, या भीतीने तेव्हाही अनेकांनी ताप लपवला आणि काही जण फार उशिरा दवाखान्यात पोहोचले. क्षयाच्या बाबतीत आजही हेच घडते. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. पण लोक काय म्हणतील म्हणून खोकला लपवला जातो, किंवा जरा बरे वाटताच गोळ्या बंद होतात.

तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तो डॉक्टरांना सांगा आणि औषध सांगितले तितके दिवस घ्या. आजाऱ्याच्या घरी जाणे टाळू नका. आपल्यात जे डॉक्टर, परिचारिका आहेत त्यांनीही रोग्याला दरडावू नये, त्याचे नीट ऐकून घ्यावे. पुढच्या वेळी तो वेळेवर येईल की नाही, हे बरेचसे त्यावरच ठरते.