पिल्सनरचे जनक योसेफ ग्रोल

पेल्यातील पांढऱ्या फेसाखाली चमकणारी सोनेरी पिल्सनर बिअर प्रथम बनवणारे योसेफ ग्रोल यांचा जन्म २१ ऑगस्ट १८१३ रोजी बव्हेरियातील फिल्सहोफेन येथे झाला. वडिलांची तेथे ब्रुअरी होती. त्या काळी शेजारच्या बोहेमियातील पिल्सेन शहराची बिअर बेभरवशाची होती. १८३८ मध्ये तर नासलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. त्यानंतर नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियन पद्धत जाणणाऱ्या ग्रोल यांना पाचारण केले.

५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्यांनी पहिली खेप तयार करण्यास घेतली. फिकट माल्ट, तेथील मृदू पाणी, झाटेक परिसरातील सुगंधी हॉप्स आणि थंड तळघरात सावकाश होणारे किण्वन यांतून नितळ, सुखद कडवट बिअर निर्माण झाली. ११ नोव्हेंबरला ती लोकांनी चाखली.

१८४५ मध्ये करार संपताच, फटकळ स्वभावासाठी ओळखले जाणारे ग्रोल गावी परतले. पुढे त्यांनी वडिलांची ब्रुअरी सांभाळली. जर्मन ब्रुअरींनी पिल्सनर आपलीशी करून तिची चव अधिक कोरडी व कडवट केली. बिअरला नाव मात्र शहराचे मिळाले, ग्रोल यांचे नव्हे. २२ ऑक्टोबर १८८७ रोजी फिल्सहोफेन येथेच त्यांचे निधन झाले.