पंडिता रमाबाई आणि केडगावची जागृती

मागच्या सेमिस्टरला, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, आमच्या रूममध्ये एक भांडण झालं. कारण ऐकाल तर हसाल. माझा रूमपार्टनर पहाटे पाचला उठून प्रार्थना करतो. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं! हात वर, डोळ्यांतून पाणी, आणि मधेच असे काही शब्द की मराठी नाहीत, हिंदी नाहीत, इंग्रजी तर नाहीतच. मीही ख्रिस्तीच, पण नगरकडच्या जुन्या मिशन मंडळीतला. आमच्याकडे उपासनासंगीत उघडायचं, पेटीवर सूर धरायचा, पाळकांचा संदेश ऐकायचा आणि जेवायला घरी. रात्रभर ड्रॉइंग शीट घासून झोपलो होतो, डोकं तापलं आणि मी बोलून गेलो की हे सगळं अंगात आल्यासारखं दिसतं. त्यानंही ऐकवलं की आमच्या मंडळीत फक्त बाकडी उरली आहेत, आत्मा केव्हाच निघून गेलाय. आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मेसमध्येही वेगवेगळ्या टेबलांवर.

नंतर लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि कळलं की आमचं भांडण काही नवीन नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते जगभर गाजलंय, आणि ज्या गावावरून गाजलं ते गाव मी घरी जाताना दर वेळी गाडीच्या खिडकीतून बघतो. केडगाव! आमच्या नगरजवळचं नव्हे, पुणे-दौंड लाईनवरचं. काहींना ते नारायण महाराजांच्या बेटामुळे, दत्तमंदिरामुळे माहीत असेल. त्याच गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाई म्हटलं की आपल्याला आधी रानड्यांच्या रमाबाई आठवतात, मग बाबासाहेबांच्या. या तिसऱ्या रमाबाई शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतात. म्हणून थोडं सांगतो.

जन्म २३ एप्रिल १८५८, कर्नाटकातल्या सह्याद्रीत गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, हाच त्या काळी गुन्हा! पुढे आईनं लेकीला शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थं पालथी घालत, पुराणं सांगत देशभर हिंडलं. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला तोंडपाठ. मग दुष्काळ आला. जवळचं सगळं संपलं. व्रतं झाली, उपास झाले, देवळांत दानं झाली, देव काही धावला नाही. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, पुढे थोरली बहीणही. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भक्तीचं उतू जाणं आणि त्यानंतर आलेली उपासमार, दोन्ही या बाईनं लहानपणीच पाहिलं होतं. नुसत्या भावनेवर भाळणाऱ्यांतली ती नव्हती.

पुढचं भराभर सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, जातीबाहेरचं आणि रजिस्टर पद्धतीचं. १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. पदरात मुलगी, मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. जायचं होतं डॉक्टरीण व्हायला, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता इथे कुणाला वाटेल, संपली चौकस बाई, झाली मुकाट शिष्या. छे! लायब्ररीतलं ते जाड पुस्तक म्हणजे त्यांचा पत्रव्यवहार, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापलेला. त्यात मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी चाललेला वाद वाचताना मला आमच्या व्हायवाची आठवण आली, फक्त इथे विद्यार्थीच परीक्षकाला घाम फोडतो. त्रैक्यावर शंका, चर्चच्या अधिकारावर शंका. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्यावरही हरकत. आपल्या लोकांना न कळणारी लॅटिन कशाला, संस्कृत का नको? शाकाहार त्यांनी तिथेही सोडला नाही आणि पुढेही नाही. ख्रिस्त मान्य, पण त्याच्याबरोबर इंग्रजांचं सगळं सामान उचलायला त्या तयार नव्हत्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे राहून पुस्तक लिहिलं, मदत गोळा केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचं कळल्यावर १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ झालं. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कोण किती बरोबर हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला एवढंच वाटतं की दोन्ही बाजूंनी रमाबाईंना आपल्या सोयीची बाई समजायची चूक केली.

स्वतःच्या श्रद्धेबद्दलही त्या गप्प बसल्या नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त नाही. बुद्धीला पटलेलं मनात उतरायला आणखी काही लागतं, हा शोध तिशीतल्या पंडितेचा! १८९५ मध्ये लोणावळ्याच्या मेळाव्याला त्या गेल्या, तिथेही त्यांना असाच गाढ अनुभव आला.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुलीबायका आणल्या. तशात पुण्यात प्लेग. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती, तिथे या सगळ्यांना नेलं. १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या हॉस्टेलची मेस आठवा आणि मग विचार करा! शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. अंध मुलींसाठी ब्रेल आणलं. तेही शिकवलं मनोरमाबाईंनी.

आणि आता आमच्या भांडणाकडे येतो.

१९०४ मध्ये वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाली, १९०५ च्या मार्चमध्ये ती खासी टेकड्यांत पोचली. केडगावला जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बसायला सांगितलं. सुरुवातीला सत्तरएक जणी होत्या, जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जणी जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटे झोपायच्या खोलीत एक मुलगी आपल्या अंगात आग पेटल्याचं सांगत उठली. शेजारच्या मुलीला तिच्यावर खरोखरच जाळ दिसला, ती धावत पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तेवढ्यात लक्षात आलं की काहीच जळत नाहीये. ही हकीकत मुक्तीतल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवली आहे. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्या आगीचं तापमान मी सांगू शकत नाही. बादली मात्र मला फार खरी वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. शांतपणे, नेहमीसारख्या. एकाएकी मुली रडायला लागल्या, मोठमोठ्यानं, सगळ्या एकदम प्रार्थना करायला लागल्या. शिकवणं थांबवावं लागलं. पुढे कित्येक दिवस शाळेचे तास बाजूला पडले. कुणी जमिनीवर कोसळे, कुणी थरथरे, कुणी हसे, कुणी नाचे. चोरलेल्या वस्तू परत आल्या, जुने रुसवे मिटले. शेकडो मुली गट करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. आणि १९०६ च्या अखेरीस काही जणी ‘अन्य भाषां’त प्रार्थना करू लागल्या, म्हणजे स्वतःलाही न कळणाऱ्या शब्दांत. शेजारी दौंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणाऱ्या अल्बर्ट नॉर्टन यांनी तर लिहिलं की इंग्रजी न येणाऱ्या मुलीला आपण इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकलं.

झालं! मिशनऱ्यांत दोन तट पडले. काहींना हा दोन हजार वर्षांपूर्वीचा पेंटेकॉस्टचा दिवसच पुन्हा आल्यासारखा वाटला. काहींना उन्माद वाटला, अनाथ पोरींची कोवळी मनं, एकीचं बघून दुसरी. काहींनी थेट म्हटलं की हे गावठी अंगात येणंच आहे, फक्त देवाचं नाव बदललंय. म्हणजे मी रूममध्ये जे बोललो तेच, शब्दाशब्दाला! हे वाचलं तेव्हा मला जरा चोरट्यासारखं झालं. दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये सुरू झालेल्या चळवळीतली मंडळी. त्यांच्यात मत रूढ होत गेलं की अन्य भाषा बोलता आली तरच पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाला, नाहीतर नाही.

मधे उभ्या रमाबाई. त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. ज्या मुली दुष्काळात आईबाप मरताना बघून आल्या, त्यांनी नीट रांगेत बसून पुटपुटत रडावं हा आग्रह कुणी धरायचा? शिवाय ही माणसं कुठली? दर आषाढी वारीला तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या रस्त्यानं जाते, टाळमृदंगावर म्हातारी माणसं नाचतात, रडतात, एकमेकांच्या पाया पडतात. इथल्या मातीला भक्तीतला आवाज नवा नाही. तो गोऱ्या साहेबाच्या चर्चला नवा होता. वाँटेजला लॅटिन अक्षरांवर अडून बसलेल्या बाईंना हे सांगायची गरज नव्हती.

पण त्यांनी दुसरी बाजूही उचलली नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. १९०७ मध्ये ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रकातून त्यांनी टीकाकारांना उत्तर दिलं. अन्य भाषा हे एक दान आहे, ते खोटं म्हणू नये. पण ते प्रत्येकाला मिळतंच असं नाही, आणि ज्याला मिळालं नाही त्याला आत्मा मिळाला नाही असंही म्हणू नये. खूण म्हणून त्यांना माणसाचं बदललेलं वागणं जास्त वाटे, प्रेम आणि सेवा. केडगावचा कुठला नवा पंथ त्यांनी काढला नाही. दोन हजार माणसांची संस्था हाती आणि जगभरचे लोक बघायला येतायत, अशा वेळी हा मोह आवरणं सोपं नसणार.

बाकी त्या जागृतीनं स्वतःची वाट स्वतः शोधली. अब्राम्सबाईंनी १९०६ मध्ये तिच्यावर एक पुस्तिका लिहिली. त्यांची एक वर्गमैत्रीण लग्न होऊन चिली देशात गेली होती, तिच्याकडे पुस्तिका पोचली. तिचा नवरा विलिस हूव्हर वाल्पाराइसोच्या मेथडिस्ट मंडळीचा पाळक. तिथेही १९०९ मध्ये तेच सुरू झालं, तोच वाद पेटला, आणि त्यातून मेथडिस्टांपासून वेगळी अशी चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. केडगाव स्टेशन ते पॅसिफिक महासागराचा किनारा!

आणि या सगळ्या वर्षांत रमाबाई स्वतः काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर. आधीची भाषांतरं संस्कृत शब्दांनी जड झालेली, खेड्यातल्या बाईला कळत नसत. ज्यांना संस्कृतनं पदवी दिली, त्यांनीच संस्कृत शब्द वेचून बाहेर काढायला घेतले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सगळं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. एकीकडे चर्चमध्ये कुणालाही न कळणाऱ्या भाषेतल्या प्रार्थनेला त्यांनी जागा दिली, आणि दुसरीकडे आयुष्याची शेवटची पंधरा-सतरा वर्षं सगळ्यांना कळेल अशा भाषेसाठी झिजवली. मला हे दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय रमाबाई कळत नाहीत. माझ्या रूमपार्टनरला पहिलीच गोष्ट आवडते, आमच्या पाळकांना दुसरीच.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. सगळा भार त्यांच्यावर सोपवायचा, असं रमाबाईंच्या मनात होतं. आईनं काम थांबवलं नाही. बायबलची शेवटची प्रूफं तपासून झाली आणि त्यानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे.

हे सगळं मी रूमपार्टनरला सांगितलं. माफीही मागितली, म्हणजे तशी ती जर्नल पूर्ण करता करता मधेच मागितली गेली. त्यानं बाकड्यांबद्दलचे शब्द मागे घेतले. तो अजून पाचलाच उठतो, मात्र आता गच्चीवर जातो. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं एकाच गाडीनं निघणार आहोत. मधे केडगावला उतरायचं ठरलंय. पुढची गाडी कितीला आहे ते तेवढं बघायचं राहिलंय.