बेन शान

बेन शान (१२ सप्टेंबर १८९८, कौनास – १४ मार्च १९६९, न्यू यॉर्क) हे लिथुएनियात जन्मलेले अमेरिकन चित्रकार, छायाचित्रकार व आरेखनकार होते. स्थलांतरित, कामगार आणि बेरोजगार कुटुंबांचे जीवन हा त्यांच्या कलेचा मुख्य विषय होता. विसाव्या शतकातील अमेरिकेच्या सामाजिक वास्तववादी चित्रकलेतील प्रमुख कलावंतांत त्यांची गणना होते. १९३२ साली न्यू यॉर्कच्या डाउनटाउन गॅलरीत भरलेल्या साको आणि वान्झेट्टी यांच्यावरील चित्रमालिकेच्या प्रदर्शनामुळे त्यांना कीर्ती मिळाली.

बालपण व शिक्षण

शान यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील कौनास शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील लाकडावर कोरीवकाम करीत. झारशाहीविरोधी कारवायांच्या आरोपावरून त्यांना सायबेरियात हद्दपार करण्यात आले. तेथून ते निसटले व पुढे अमेरिकेत पोहोचले. १९०६ साली आई व मुलेही अमेरिकेस गेली आणि हे कुटुंब न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थायिक झाले.

घरच्या परिस्थितीमुळे शान यांना किशोरवयातच शिळामुद्रणाच्या कारखान्यात उमेदवारी करावी लागली. तेथे त्यांनी अक्षरे कोरण्याची कला आत्मसात केली. त्यांच्या पुढील चित्रांत व भित्तिपत्रकांत मजकुराला जे दृश्य महत्त्व आहे, त्याचे मूळ या उमेदवारीत आढळते. नंतर त्यांनी न्यू यॉर्क विद्यापीठात जीवशास्त्राचे व नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन या संस्थेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९२० च्या दशकात त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेचा प्रवास केला. तत्कालीन युरोपीय आधुनिक शैलींचा त्यांनी अभ्यास केला. परंतु त्यांचे अनुकरण करण्यापेक्षा आपल्या भोवतालच्या घटना चितारण्याकडे ते वळले.

साको-वान्झेट्टी चित्रमालिका

निकोला साको व बार्तोलोमेओ वान्झेट्टी हे १९०८ साली अमेरिकेत आलेले इटालियन स्थलांतरित होते. साको जोड्यांच्या कारखान्यात कामगार होते, तर वान्झेट्टी मासे विकत. दोघेही अराज्यवादी विचारांचे होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ ब्रेनट्री येथे १९२० साली झालेल्या दरोड्यात व दोन खुनांत त्यांना दोषी ठरवण्यात आले. स्थलांतरितांविषयीचा आकस आणि आरोपींची राजकीय मते यांचा निकालावर परिणाम झाला, असा आक्षेप जगभरातून घेतला गेला. तरीही २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला.

या घटनेवर शान यांनी १९३१-३२ मध्ये अपारदर्शक जलरंगांत २३ चित्रे काढली. त्यासाठी त्यांनी वृत्तपत्रांतील छायाचित्रांचा आधार घेतला. चित्रांत बेड्यांनी एकमेकांस जखडलेले आरोपी, न्यायाधीश, निदर्शक आणि साक्षीदार दिसतात. एका चित्रात वान्झेट्टी यांच्याकडून वाम मासे विकत घेणारे सहा साक्षीदार आहेत. साउथ ब्रेनट्रीच्या खटल्यापूर्वी वान्झेट्टी यांच्यावर ब्रिजवॉटर येथील दरोड्याच्या प्रयत्नाचा वेगळा खटला चालला होता. त्या दिवशी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, वान्झेट्टी मासे विकत होते, असे त्यांच्या इटालियन गिऱ्हाइकांनी सांगितले. परंतु ज्यूरीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. या साध्या माणसांना शान यांनी मालिकेत स्थान दिले.

एडिथ हॅल्पर्ट यांच्या डाउनटाउन गॅलरीत १९३२ च्या एप्रिल महिन्यात ही मालिका प्रदर्शित झाली. याच विषयावरील सुमारे ७ फूट उंचीचे मोठे टेंपेरा चित्र आज व्हिटनी संग्रहालयात आहे. त्यात दोघांचे मृतदेह शवपेट्यांत असून, शिक्षा योग्य ठरवणाऱ्या समितीचे तीन प्रतिष्ठित सदस्य त्यांच्यामागे उभे आहेत व त्यांपैकी दोघांच्या हाती लिलीची फुले आहेत. मालिकेच्या शीर्षकातील ‘पॅशन’ हा शब्द ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांचा वाचक असल्याने चित्रांना धार्मिक अर्थच्छटाही येते. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने भित्तिचित्रांच्या प्रदर्शनात या विषयावरील शान यांचे काम मांडले. संग्रहालयाच्या काही विश्वस्तांनी त्यास आक्षेप घेतला, तरी ते प्रदर्शनातून काढण्यात आले नाही.

छायाचित्रण व भित्तिचित्रे

१९३३ साली मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी रॉकफेलर सेंटरमधील भित्तिचित्रासाठी शान यांना सहायक म्हणून घेतले. लेनिन यांच्या चित्रणावरून वाद होऊन ते भित्तिचित्र पुढे नष्ट करण्यात आले. महामंदीच्या काळात, १९३५ ते १९३८ दरम्यान, शान यांनी सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी दक्षिण व मध्य-पश्चिम अमेरिकेतील कापूस वेचणारे मजूर, खाणकामगार आणि शेतकरी कुटुंबे यांची छायाचित्रे घेतली. काटकोनी दृश्यदर्शक जोडलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे समोरच्या व्यक्तीच्या नकळत छायाचित्र घेणे त्यांना शक्य होई.

न्यू यॉर्कमधील ज्यू शिवणकामगारांसाठी न्यू जर्सी राज्यात वसवलेल्या जर्सी होमस्टेड्स या वसाहतीत त्यांनी १९३७-३८ मध्ये सुमारे ४५ फूट लांबीचे भित्तिचित्र काढले. बोटीतून उतरणारे स्थलांतरित, कोंदट कारखान्यांतील श्रम, कामगार संघटनेची उभारणी आणि नव्या वसाहतीची आखणी असा त्याचा क्रम आहे. स्थलांतरितांत अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याबरोबरच शान यांच्या आईचीही आकृती आहे. जवळच साको व वान्झेट्टी यांच्या शवपेट्या दिसतात. त्यामुळे नव्या देशाविषयीची आशा व तेथे वाट्याला येणारा अन्याय एकाच दृश्यात येतात. शान स्वतःही पुढे याच वसाहतीत राहू लागले. १९४५ साली तिला रूझवेल्ट हे नाव देण्यात आले.

चित्रकार बर्नार्डा ब्रायसन या त्यांच्या सहचारिणी व सहकारी होत्या. दोघांनी ब्राँक्स टपाल कार्यालयात अमेरिकेतील श्रमजीवनावर १३ चित्रफलक रंगवले. वॉशिंग्टन येथील सामाजिक सुरक्षा इमारतीत शान यांनी १९४०-४२ मध्ये बालमजूर, बेरोजगार व वृद्ध यांची स्थिती दर्शवणारी भित्तिचित्रे काढली.

उत्तरकाळ

१९४७ साली आधुनिक कला संग्रहालयाने शान यांच्या कार्याचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरवले. १९५४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांनी व विलेम डी कूनिंग यांनी अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. हार्वर्ड विद्यापीठात १९५६-५७ मध्ये दिलेली त्यांची व्याख्याने ‘द शेप ऑफ कंटेंट’ या पुस्तकात संकलित आहेत. कलेत आशय व आकार वेगळे काढता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. अमूर्त चित्रकलेचा प्रभाव वाढल्यावरही त्यांनी मानवी आकृती सोडली नाही. १९५४ च्या अणुचाचणीतील किरणोत्सारी राखेने बाधित झालेल्या जपानी मच्छीमारांवरही त्यांनी चित्रमालिका केली.

१९६७ साली सिरॅक्यूज विद्यापीठात साको-वान्झेट्टी विषयावरील त्यांचे मोठे कुट्टिमचित्र बसवण्यात आले. १४ मार्च १९६९ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९७७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांनी साको व वान्झेट्टी यांच्यावरील खटला न्याय्य पद्धतीने चालला नव्हता, असे जाहीर केले.