पर्सिव्हल पॉट : हाडे बसविण्याची रीत बदलणारा शल्यविशारद

इ.स. १७५६ च्या जानेवारीतील गोष्ट. लंडनच्या सदर्क भागातील केंट स्ट्रीटवरून जात असताना एक नामांकित शल्यविशारद घोड्यावरून खाली फेकले गेले. पायाचे हाड मोडून कातडी फाडत बाहेर आले. मात्र त्यांनी कोणालाही स्वतःला हलवू दिले नाही. अशा अवस्थेत आडव्यातिडव्या उचलण्याने मूळ दुखापतीहून अधिक हानी होते, हे त्यांना ठाऊक होते. वेस्टमिन्स्टरहून मेणा वाहणारे दोन भोई दांड्यांसह बोलावण्यात आले आणि ते येईपर्यंत हे गृहस्थ कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर पडून राहिले. तेथेच त्यांनी एक दरवाजा विकत घेतला, त्याला ते दांडे ठोकून घेतले आणि त्यावर निजून लंडन ब्रिजवरून वॉटलिंग स्ट्रीटवरील आपले घर गाठले.

हे पर्सिव्हल पॉट. त्यांचा जन्म १७१४ साली थ्रेडनीडल स्ट्रीटवर झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. एडवर्ड नर्स या शल्यविशारदांकडे सात वर्षे उमेदवारी करून त्यांनी विद्या मिळविली आणि १७४९ मध्ये ते सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात पूर्ण शल्यविशारद झाले. जॉन हंटर यांच्यासारखा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकून गेला.

घरी जमलेल्या सहकाऱ्यांनी पाय तत्काळ कापण्याचा निर्णय दिला. जंतुनाशकांचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात उघडा अस्थिभंग म्हणजे बहुधा मृत्यू, त्यामुळे हा सल्ला क्रूर नव्हता. स्वतःच्या बाबतीत आपण निवाडा करू नये, असे मानून पॉट यांनीही संमती दिली. हत्यारे मांडली गेली. तेवढ्यात उशिरा पोहोचलेले वृद्ध गुरू नर्स आत आले. त्यांनी पाय तपासला, तो वाचण्याची शक्यता आहे असे सांगितले आणि पाय खरोखरच वाचला. अंथरुणावर पडल्या पडल्या पॉट यांनी लेखणी हाती घेतली. अंतर्गळावरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

अस्थिभंग आणि सांधे निखळणे यांवरील त्यांचे छोटेखानी पुस्तक मात्र १७६८ चे. त्यातील घोट्याच्या दुखापतीचे वर्णन आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. नडगीशेजारचे बारीक हाड घोट्याच्या दोन-तीन इंच वर मोडते, आतल्या बाजूचे अस्थिबंध तुटतात आणि पाऊल बाहेरच्या बाजूला सरकून सांधा निखळतो. पॉट यांचा स्वतःचा पाय असाच मोडला होता, ही समजूत लोकप्रिय असली तरी ती चुकीची आहे. त्यांची दुखापत वेगळी होती.

पाय सरळ ताणून, मदतनिसांकडून जोराने ओढवून हाड बसविण्याची तेव्हाची रीत होती. पॉट यांनी तिच्यावर कठोर टीका केली. हाडाला जागेवर येण्यापासून अडवतात ते स्नायू, आणि ताणलेला पाय त्यांना अधिकच ताठ करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. गुडघा वाकवून रुग्णाला कुशीवर निजवा, पोटरी सैल पडू द्या, मग फारसे बळ न लावता सांधा जागी येईल. भूल देण्याची सोय नसलेल्या काळात (ईथरचा वापर १८४६ चा) हा विचार रुग्णाच्या किंकाळ्या कमी करणारा होता, हे विसरता येत नाही. जागा सोडलेले हाडच वेदना आणि सूज वाढविते, म्हणून ते लवकर बसवावे, असाही त्यांचा आग्रह होता.

क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला, तरीही आजच्या अपघात विभागात घोटा किंवा पाऊल निखळलेला रुग्ण आला की हाच क्रम दिसतो. प्रथम पावलाच्या वरच्या बाजूची नाडी, बोटांचा रंग आणि स्पर्शज्ञान पाहिले जाते. पाऊल गार व पांढरे पडले असेल किंवा हाडाच्या टोकावर कातडी ताणून पांढुरकी झाली असेल, तर क्ष-किरण चित्रासाठीही थांबत नाहीत. ताणलेली कातडी काही तासांतच मृत होऊ शकते. वेदनाशामक व गुंगीचे औषध देऊन, गुडघा वाकवून, पाऊल अलगद जागी आणले जाते. मग पट्टी बांधून नाडी पुन्हा तपासतात. गुडघा वाकविण्यामागील कारण तेच, पोटरीचा स्नायू सैल करणे. अपघातस्थळी मात्र ओढाताण न करता पाय आहे त्या स्थितीत फळीला आधार देऊन बांधावा, हे इतरांसाठी पुरेसे.

पॉट यांची कीर्ती याच एका विषयापुरती नाही. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध त्यांनी १७७५ मध्ये दाखविला, तर पाठीच्या कण्याच्या विकारावर १७७९ मध्ये लिहिले. १७८७ मध्ये त्यांनी रुग्णालयातून निवृत्ती घेतली. खासगी रुग्ण मात्र ते अखेरपर्यंत पाहत होते. लंडनबाहेरच्या एका रुग्णाकडे थंडीत जाऊन आल्यावर ते आजारी पडले आणि २२ डिसेंबर १७८८ रोजी त्यांचे निधन झाले.