मुष्टियोद्धा बेंडिगो : बळ, कौशल्य आणि कृपा

दावीद व गल्याथ यांची गोष्ट शब्बाथशाळेत सांगून झाली की एखादा चौकस मुलगा विचारतो, दाविदाजवळ गोफण नसती तर? नुसत्या मुठींनी लढायचे असते, तर त्या धिप्पाड पलिष्ट्यापुढे त्याचा निभाव लागला असता का? प्रश्न पोरकट नाही. शरीराचे बळ मोठे की अंगातले कौशल्य मोठे, याविषयी आखाड्यातील जाणती माणसेही वाद घालतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात एक मनुष्य होऊन गेला, त्याने हा प्रश्न आपल्या देहावर तीन वेळा सोडवून पाहिला. त्याचे चरित्र आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे, कारण ते मुष्टियुद्धापाशी संपत नाही.

विल्यम थॉम्पसन याचा जन्म ऑक्टोबर १८११ मध्ये नॉटिंगहॅम शहरात एका गरीब घरी झाला. आईच्या एकवीस मुलांतील तो शेवटचा आणि एकाच वेळी जन्मलेल्या तिळ्यांपैकी एक, असे सांगतात. दानीएलाच्या पुस्तकात धगधगत्या भट्टीत टाकलेल्या तिघा तरुणांवरून शेजारीपाजारी या भावंडांना शद्रख, मेशख व अबेदनगो म्हणत. बोलण्यात अबेदनगोचे बेंडिगो झाले आणि तेच नाव त्याला जन्मभर चिकटले. बाप लवकर वारला. मायलेकांना काही काळ गरीबखान्यात काढावा लागला. पुढे तो लोखंड कातण्याचे काम शिकला. पण त्या मजुरीपेक्षा मुठींची कमाई अधिक आहे हे त्याला विशीच्या आतच कळले. आईनेही त्याला अडवले नाही, उलट उत्तेजनच दिले.

त्या काळचे मुष्टियुद्ध आजच्यासारखे नव्हते. हातांवर मोजे नसत. फेरीला ठराविक मिनिटे नसत; कोणी एक जमिनीवर पडला की फेरी संपे. अर्धा मिनिट विसावा घेऊन दोघांनी पुन्हा मध्यरेषेशी यावयाचे. जो येऊ शकला नाही तो हरला. प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन आपटण्याचीही मुभा होती. म्हणून वजनदार माणसाला मोठा लाभ असे. आपल्याकडे बेळगाव-कोल्हापूरच्या कुस्त्या पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. अंगावर कोसळणारा भार हाही एक डावच असतो. दोन गोष्टी मात्र निषिद्ध होत्या : खाली असलेल्याला मारणे, आणि ठोसा न लागताच जमिनीवर बसणे. या दोन नियमांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

बेंडिगोची उंची सुमारे पावणेसहा फूट आणि वजन सुमारे ७५ किलो. तो डावरा होता. उजवा हात पुढे ठेवून तो अशा बाजूने ठोसा हाणी की ज्याची समोरच्याला सवय नसे. पाय चपळ, नजर तीक्ष्ण, आणि जीभ त्याहून तीक्ष्ण. टोमणे मारून तो प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवी. त्याचा मोठा वैरी बेन काँट हा जवळच्याच हकनॉल गावचा. उंची सहा फूट दोन इंचांवर, वजन ९० किलोंहून जास्त. कौशल्य बेताचे, पण बळ अफाट आणि छाती न हटणारी.

पहिली लढत २१ जुलै १८३५ रोजी झाली. बेंडिगो ठोसा मारी, निसटे, आणि काँट जवळ येताच हलक्या धक्क्याने खाली पडून फेरी संपवी. बावीस फेऱ्या हाच खेळ चालला. अखेर काँटचा संताप अनावर झाला. बेंडिगो आपल्या कोपऱ्यात विसावा घेत असतानाच त्याने धावत जाऊन त्याला ठोसा मारला. पंचांनी नियमभंग ठरवून बेंडिगोला विजयी केले.

दुसरी लढत ३ एप्रिल १८३८ रोजी झाली. या वेळी काँटने एकदा त्याला दोरांवर दाबून असे आवळले की त्याचा श्वास कोंडला. बळाने कौशल्याला गाठले की काय होते, ते त्या दिवशी लोकांनी पाहिले. तरी बेंडिगो तगला. पंचाहत्तराव्या फेरीत तो ठोसा न लागता खाली गेला, असा निकाल देऊन पंचांनी काँटला विजयी ठरवले. आपला माणूस पाय घसरून पडला, असे बेंडिगोचे पाठीराखे ओरडत राहिले आणि मोठी दंगल झाली.

मध्यंतरी, १८३९ साली, बेंडिगोने जेम्स बर्क या नामांकित मल्लाला दहा फेऱ्यांत हरवून इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले. पुढच्याच वर्षी कोलांटउडी मारताना त्याचा गुडघा दुखावला आणि त्याला काही काळ लढता आले नाही. मग ९ सप्टेंबर १८४५ रोजी काँटशी तिसरी गाठ पडली. सुमारे दहा हजार लोक जमले होते. त्यांत काठ्या घेऊन आलेली नॉटिंगहॅमची दांडगी टोळी होती. तिला लोक थट्टेने कोकरे म्हणत. काँटच्या बाजूला धाक दाखवण्याचे काम ही कोकरे चोख करीत. दोन तासांहून अधिक वेळ आणि ९३ फेऱ्या लढत चालली. शेवटी थकलेला काँट ठोसा न लागताच खाली बसला असे ठरवून पंचांनी बेंडिगोला जय दिला. हा निकालही अनेकांना पटला नाही.

मग बळ मोठे की कौशल्य? कौशल्याने दुबळ्याला सबळापुढे उभे राहता येते, एवढे बेंडिगोने दाखवून दिले. तरी वजन ही खोटी गोष्ट नाही. कौशल्य सारखे असेल तर जड माणूसच बहुधा जिंकतो. म्हणून १९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट ठरवून दिले, आणि आजही सारखे वजन पाहूनच जोड्या लावतात. पण या तीन लढतींत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तिन्ही वेळा निकाल लागला तो नियमभंगावरून. एकदा संतापाने घात केला, दोनदा थकव्याने किंवा लबाडीने. ज्याचा स्वतःवरचा ताबा सुटला असे पंचांना वाटले, तो हरला. आपल्या मनावर सत्ता चालवणारा नगर जिंकणाऱ्याहून श्रेष्ठ, असे नीतिसूत्रे शिकवतात. रिंगणातही तेच ठरले.

बेंडिगोच्या पुढच्या आयुष्याने हेच अधिक कठोरपणे दाखवले. १८५० साली टॉम पॅडॉकवर अखेरचा विजय मिळवून तो निवृत्त झाला. रिंगण सुटले आणि दारूने त्याला धरले. शुद्धीवर असताना तो मनमिळाऊ, मासे पकडण्यात रमणारा. प्याल्यावर मात्र त्याला आवरायला अनेक शिपाई लागत. दंगा केल्याबद्दल अठ्ठावीस वेळा त्याला तुरुंगवास घडला. काँटसारख्या धिप्पाड माणसाला चकवणारे पाय या शत्रूपुढे चालेनात, आणि मुठींचे बळही तेथे निरुपयोगी ठरले.

त्याच तुरुंगात देवाने त्याला गाठले. आपला पालट कसा झाला हे त्याने पुढे लंडनच्या एका पत्रकाराला सांगितले. तुरुंगातील उपासनेत धर्मोपदेशकाने दावीद व गल्याथ यांची लढत सांगितली, तेव्हा हा म्हातारा मल्ल रंगून गेला. दुसऱ्या एका रविवारी भट्टीतल्या तिघांचा विषय निघाला. एका अबेदनगोला देवाने वाचवले, तर या बेंडिगोला का वाचवू नये, असा विचार त्याच्या मनात आला. पुढे शास्ते या पुस्तकातील सातशे डावऱ्या योद्ध्यांविषयी ऐकले, आणि आपण डावरेच आहोत हे त्याला आठवले. पवित्र शास्त्र जणू त्याला नावाने हाक मारीत होते.

१८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तुरुंगातून सुटल्यावर, त्याने रिचर्ड वीव्हर यांचे व्याख्यान ऐकले. वीव्हर हे पूर्वी कोळशाच्या खाणीतले मजूर आणि स्वतः मुष्टियोद्धे. पुढे ते प्रसिद्ध सुवार्तिक झाले. त्यांच्या सभेत बेंडिगोने आपले जीवन प्रभूला दिले. त्याने दारू सोडली आणि तो उघड्यावर व सभागृहांत साक्ष देऊ लागला. लिहिणेवाचणे त्याला जेमतेमच. पण त्याला ऐकायला गर्दी लोटे. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल यांनी त्याच्या उपदेशावर एक विनोदी कविताही रचली. सभेत दंगा करणाऱ्यांना तो व्यासपीठावरून उतरून बदडून काढतो, असा तिचा विषय आहे. मुलांना हे आवडेल. पण शिक्षकांनी तेवढ्यावर गोष्ट थांबवू नये.

अखेरची वर्षे त्याने नॉटिंगहॅमजवळील बीस्टन येथे काढली. घरातील जिन्यावरून पडून तो जबर जखमी झाला आणि २३ ऑगस्ट १८८० रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, प्रभूकडे गेला. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. नॉटिंगहॅमच्या बाथ स्ट्रीटवरील त्याच्या कबरेवर दगडी सिंह बसवला आहे. ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींच्या एका शहरालाही बेंडिगो हे नाव आहे. तेथल्या एका मुष्टियोद्ध्याला लोक या मल्लावरून त्या नावाने हाक मारीत, आणि ते आधी ओढ्याला व मग गावाला पडले.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना मुष्टियुद्धाचा दाखला दिला आहे. वाऱ्यावर हात चालवू नये आणि स्वतःच्या शरीराला शिस्त लावावी, असे तो सांगतो. बेंडिगो ही शिस्त रिंगणात शिकला नाही. ती त्याला कृपेने, साठी गाठल्यावर मिळाली. आपल्या मंडळ्यांतही अशी घरे आहेत, जेथे कर्ता पुरुष धडधाकट आहे, हुशार आहे, आणि बाटलीपुढे रोज हरतो. त्याला दुबळा म्हणून हिणवू नये, किंवा त्याच्या शपथांवरही विसंबू नये. त्याला वचनाजवळ आणावे. तुरुंगातल्या त्या धर्मोपदेशकाने नवे काही सांगितले नव्हते. शब्बाथशाळेत आपण दर वर्षी सांगतो त्याच गोष्टी त्याने सांगितल्या. ऐकणाऱ्यांत अठ्ठाविसाव्या वेळी आत आलेला एक जण होता. म्हणून, शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी दाविदाची गोष्ट सांगताना ती जुनी झाली असे समजू नका.